टॉम-जेरीच्या लघुपटासोबत त्याचे सालही सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीनिमित्त आपल्या पुरवणीत मुलांच्या करमणुकीवर जो लेख आला, त्यात मांजर-उंदराच्या जुन्या व्यंगपटांना (कार्टूनना) ‘हाणामारीचा गोंगाट’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे आणि ही हाणामारी काढून टाकण्याचा आग्रह धरला आहे. टॉम आणि जेरी या नावाखाली आज जे जे दाखवले जाते ते सारे एकाच काळातले आणि एकाच हातचे आहे, असा समज त्यामागे दिसतो. तो दूर व्हावा म्हणून हे पत्र.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दिग्दर्शकांनी हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत केलेला या जोडीचा पहिला लघुपट फेब्रुवारी १९४० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात बोक्याचे नाव जॅस्पर होते आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हते. हे लघुपट केवळ मुलांसाठी काढलेले नव्हते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटासोबत, तिकीट काढून आलेल्या थोरामोठ्यांसमोर ते दाखवले जात. सुमारे सात मिनिटांच्या लघुपटात, सेकंदाला २४ या हिशेबाने, दहा हजारांच्या आसपास चौकटी (फ्रेम) भरतात. पात्रे बहुधा बोलत नाहीत, त्यामुळे सारी भिस्त चित्रांवर, वेळेच्या गणितावर आणि संगीतावर. संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांच्या हाताशी स्टुडिओचा वाद्यवृंद होता, आणि बोक्याचे दबकत चालणे, थबकणे, शेवटी तोंडावर आपटणे हे सारे ते स्वरलिपीत बांधून ठेवत. ज्याला गोंगाट म्हटले गेले, तो असा मात्रेमात्रेने लिहिलेला आहे. १९४७ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झालेल्या ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये टॉम संगीतकार लिस्टची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही रचना पियानोवर वाजवतो आणि जेरी त्याच पियानोच्या आत झोपलेला असतो, पुढचे भांडण एका संवादाशिवाय, त्या रचनेच्या लयीतच रंगते.

या दोघांनी १९५८ पर्यंत प्रदर्शित झालेले ११४ लघुपट केले आणि त्यांपैकी सातांना ऑस्कर मिळाले. ते स्वीकारले मात्र निर्माते फ्रेड क्विम्बी यांनी. १९५७ मध्ये स्टुडिओने आपला व्यंगपट विभागच बंद केला. पुढे दिग्दर्शक जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले. तुटपुंज्या खर्चातले, विचित्र घुमणाऱ्या आवाजांचे ते लघुपट पाहून कोणी कानांवर हात ठेवले, तर मी वाद घालणार नाही. १९६३ पासून दिग्दर्शक चक जोन्स यांनी आणखी ३४ केले. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत असताना १९४९ मध्ये रोड रनर हा पक्षी आणि त्याच्या मागे धावणारा कायोटी हा लांडग्यासारखा प्राणी ही जोडी पडद्यावर आणणारे हेच जोन्स. पाठलागाची त्यांची रीत वेगळी, टॉमच्या भुवयादेखील त्यांनी जाड केल्या.

हाणामारी काढून टाका, हा आपल्या लेखकांचा आग्रहही नवा नाही. १९७५ मध्ये हॅना-बार्बेरा यांच्याच कंपनीने अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी जी मालिका केली, तीत टॉम आणि जेरी मित्र झाले आणि जेरीच्या गळ्यात लाल बो आला. आज ती फारशी कोणाला आठवत नाही.

जुन्या लघुपटांतले सारेच निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. काहींमध्ये कृष्णवर्णीयांची उघड टिंगल आहे. ती प्रसंगी गुपचूप कापली गेली; त्यापेक्षा ती कोणत्या काळातली आहे हे मुलांना सांगावे, आणि त्यासाठीही साल ठाऊक असावे लागते.

पुण्याला हा विषय परका नाही. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट काढला होता, आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे. तेव्हा ज्या शाळा, वाचनालये आणि चित्रपट मंडळे सुटीत असे लघुपट दाखवतात, त्यांनी खेळापूर्वी प्रत्येकाचे साल आणि दिग्दर्शक सांगावा, शक्य तेव्हा मोठा पडदा आणि बरा ध्वनिक्षेपक वापरावा. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरातही हे दोन तपशील छापावेत, ही विनंती. त्याला एका ओळीहून अधिक जागा लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे