सत्काराला नाही म्हणालात, म्हणून हे पत्र

आदरणीय टीचर,

सादर नमस्कार.

धर्मशिक्षणाचे वर्ग आणि धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) सगळ्या गटांची सांधेजोड यांची जबाबदारी तुम्ही या जूनमध्ये नव्या हातांत सोपवलीत. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत सत्काराचा विषय निघाला, तेव्हा ‘घरात आधीच इतक्या शाली पडून आहेत की गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल संस्थेच्या मंडळींना दोन हिवाळे वाटायला पुरतील’ असे सांगून तुम्ही तो उडवून लावलात. तुमचा शब्द मोडण्याची छाती आमच्यापैकी कोणाची नाही. पत्राला मात्र नाही म्हणता येत नाही, आणि ते चारचौघांत लिहिले तर फाडूनही टाकता येत नाही, एवढा हिशेब करून मी हे लिहायला बसलो आहे.

मी कोण, हे तुम्हाला सांगायला नको. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्या आनंदसोहळ्याच्या गर्दीत खुर्च्या लावणाऱ्या पोरांमध्येही होतो. पुढे नोकरी लागली, सकाळची चर्चगेट लोकल सुरू झाली, आणि चर्चशी माझे नाते रविवारच्या आठच्या मिस्सेपुरते (उपासनेपुरते), तेही बाहेरच्या चिंचेखालचे, उरले. प्रवचन सुरू झाले की त्या सावलीत जमणाऱ्या पुरुषांचा जो एक अलिखित संघ आहे, त्याचा मी जवळजवळ पंधरा वर्षे एकनिष्ठ सभासद होतो. नोटीस बोर्डावर बालकांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्वांच्या गटांची यादी लावलेली असे. वेदीसेवक, गायकवृंद, युवा संघटना, महिला मंडळ, लीजन ऑफ मेरी, ज्येष्ठांचा मेळावा. ती यादी मी बसच्या वेळापत्रकासारखी वाचत असे, म्हणजे आपल्याला जायचे नाही त्या गावांची.

एका रविवारी तुम्ही थेट चिंचेखाली आलात. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही सावरून उभे राहिलो. तुम्ही मिस्सेबद्दल अवाक्षर काढले नाही. ‘साडेनऊला ज्येष्ठांची रिक्षा येते, आजींना उतरवायला दोन माणसे हवीत,’ एवढेच म्हणालात आणि उत्तराची वाट न पाहता वर्गावर निघून गेलात. तुमची सगळी पद्धत त्या एका वाक्यात होती, हे मला फार उशिरा कळले. माणसाने यावे म्हणून तुम्ही कधी कोणाला उपदेश केला नाही. त्याच्यावाचून अडेल असे एक काम, आणि तेही आपल्या वयाच्या नसलेल्या कोणासाठी तरी करायचे काम, तुम्ही त्याच्या हाती देत असा.

वयोगटांप्रमाणे मंडळे करणे सोपे असते, आणि आपल्याकडे ती आधीपासून होतीच. दर मंडळाचा खजिनदार वेगळा, सहल वेगळी, आणि नाताळच्या गोठ्यावरून होणारा रुसवाही वेगळा. चौथीत प्रथम ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन), नववीत दृढीकरण (कन्फर्मेशन), आणि दृढीकरण झाले की शाळा सुटल्यासारखी मुले गायब, ती थेट स्वतःच्या लग्नाची पूर्वतयारी करायला उगवणार, हा ठरलेला क्रम होता. तुम्ही कोणतेही मंडळ मोडले नाही आणि नवेही फारसे काढले नाही. तुम्ही फक्त मधल्या भिंतींना दारे पाडलीत. त्या कामी तुम्ही काही जणांचा रोष ओढवून घेतलात, हेही लिहून ठेवले पाहिजे. गायकवृंदात गिटार यावी की नाही, यावरून नाताळाआधीचे दोन आगमनकाळ जे महाभारत चालले, त्यात दोन्ही पक्ष तुमच्यावरच नाराज होते, कारण तुम्ही तरुणांना आधी जुनी गीते ऑर्गनवर बसवायला लावलीत आणि ज्येष्ठांना गिटारच्या सरावाला बसवलेत.

विन्सेंट डी पॉलचे उदाहरण मला सर्वांत जवळचे, कारण त्या दारातून मी स्वतः आत आलो. आपल्या शाखेत साठीच्या आतला एकही सभासद उरला नव्हता. वाडीवाडीत फिरून औषधे, फी, महिन्याचे धान्य पोहोचवायचे, घर कोणत्या धर्माचे आहे ते पाहायचे नाही, आणि जिने चढायचे, हे सारे त्या मंडळींच्या गुडघ्यांना झेपेनासे झाले होते. युवा संघटनेच्या सभेत तुम्ही एवढेच सांगितलेत की १८३३ च्या २३ एप्रिलला पॅरिसमध्ये ही संस्था सुरू झाली तो दिवस फ्रेडरिक ओझानाम यांचा विसावा वाढदिवस होता, आणि सोबतचे बहुतेक जण त्यांच्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी होते. ‘म्हणजे मुळात ही तुमची संस्था; म्हाताऱ्यांनी ती तुमच्यासाठी सांभाळून ठेवली आहे,’ असे तुम्ही म्हणालात. भेटीला दोघांनी जायचे, हा संस्थेचा जुना रिवाज. तुम्ही त्यात एक जण साठीपुढचा आणि एक जण तिशीच्या आतला अशी जोडी लावलीत. मी तिशी कधीच ओलांडली होती, पण माणसे कमी पडत होती म्हणून तुम्ही मला त्या हिशेबात तरुण धरलेत, त्याचेही आभार. सभेच्या शेवटी जी गुप्तदानाची पिशवी फिरते, जिच्यात कोण किती टाकतो ते शेजाऱ्यालाही कळत नाही, ती पहिल्यांदा माझ्यापुढे आली तेव्हा खिशात फक्त लोकलचा पास होता, हे मी आज प्रथमच कबूल करतो.

आता माझ्या आईविषयी लिहितो. खरे तर तिच्यासाठीच हे पत्र आहे.

२०२० च्या सुरुवातीला वडील गेले आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. आईने दार लावून घेतले ते मनानेही. आयुष्यभर जिने पहाटे उठून फुले दादरच्या बाजारात नेली आणि पुढे थकल्यावर सुकेळी (सुकवलेली केळी) घालून घरबसल्या विकली, ती बाई दिवसभर खिडकीत बसून राहू लागली. फोन आला तरी ती माझ्याकडे देई. पोप फ्रान्सिस यांनी आजी-आजोबांसाठीचा जागतिक दिन सुरू केला तो २०२१ च्या जुलैचा चौथा रविवार होता, आणि आपल्याकडे प्रार्थनास्थळांची दारे तेव्हा बंदच होती. ती उघडायला ऑक्टोबर उजाडला. कार्यक्रम करता येणार नाही म्हणून इतरांनी हात झटकले असते. तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांतले एकेक मूल आणि घरात अडकलेले एकेक ज्येष्ठ अशा जोड्या लावल्यात आणि दर रविवारी मुलाने फोन करायचा असा गृहपाठ दिलात. आईच्या वाट्याला तिसरीतली एक मुलगी आली.

पहिल्या दोन रविवारी आई ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे गेली नाही. तिसऱ्या रविवारी त्या मुलीने विचारले की तुमच्या लहानपणी मिस्सा कशी असायची, आणि आईने लॅटिनमध्ये असायची म्हणून सांगितले. मुलीचा विश्वास बसेना. कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा आई विशीच्या आसपास होती; त्याआधीची सारी वर्षे तिने अर्थ न कळता उत्तरे पाठ म्हटलेली. ‘एत कुम स्पिरितु तुओ’ (आणि तुझ्या आत्म्याबरोबरही) हे शब्द तिच्या तोंडून मी जन्मात प्रथम ऐकले, तेही स्वयंपाकघरात उभा राहून, चोरून. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग तेच शब्द मोडके-तोडके परत आले, आणि आई चक्क चिडून उच्चार दुरुस्त करू लागली. त्या दिवसापासून रविवारी फोनची वाट कोण पाहत होते, हे सांगण्याची गरज नाही.

त्याच मुलीच्या एका प्रश्नातून पुढचे नाटक घडले. संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे. जपानला गेले, तिथली भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधू झाले, मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून राबले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांसह क्रुसावर चढवले गेले. १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. इतके सर्व वर्गात शिकवून झाल्यावर तिने विचारले, ‘त्यांच्या आईचे नाव काय होते?’ तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात की नाव आपल्याला ठाऊक नाही, पण ती इथलीच होती असे मानतात. मग दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन तुम्ही आईला सांगितलेत की फेब्रुवारीच्या सणाला मुले नाटक करणार आहेत आणि त्यात गोन्सालोची आई तिला व्हायचे आहे.

आई ‘नाही’ म्हणाली. तुम्ही चहा घेतलात, सुकेळ्यांचा भाव विचारलात आणि तालमीची वेळ सांगून निघून गेलात. (हे कसब तुम्ही आम्हाला कधी शिकवले नाही, ते मात्र शिकवायला हवे होते.)

त्या नाटकाच्या दोन महिन्यांत मी धर्मग्राम म्हणजे काय ते पाहिले. महिला मंडळाने जुन्या चादरींचे झगे शिवले. विन्सेंट डी पॉलमधल्या एका निवृत्त सुतारकाकांनी सव्वीस क्रूस केले आणि प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे वेगवेगळे मापले, तरी शेवटी एक कमी पडलाच. दृढीकरणानंतर चर्चकडे न फिरकलेल्या माझ्या मुलीला तुम्ही आवाजाच्या यंत्रणेवर बसवलेत, कारण आजीच्या लुगड्याला माइक लावायचा तर परके कोणी नको, असे तुमचे म्हणणे. आईला तुम्ही संवाद लिहून दिलाच नाही. मुलगा पंधराव्या वर्षी परदेशी निघाला तर तू त्याला काय म्हणशील ते म्हण, एवढेच सांगितलेत. ती ते पुस्तकी मराठीत म्हणू लागली तेव्हा तुम्ही तिला थांबवून घरी बोलते तशी कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, बोलायला लावलेत.

प्रयोगाच्या दिवशी लाल लुगडे नेसून ती उभी राहिली आणि जहाजावर निघालेल्या चौथीतल्या गोन्सालोला तिने आधी जेवलास का ते विचारले, मग डोके झाकायला सांगितले, मग परत कधी येशील ते विचारले आणि उत्तरासाठी थांबली. मुलाला तिथे संवाद नव्हता. तो गोंधळून गप्प राहिला. मंडपातही कोणी हलले नाही. वडील गेल्यानंतर मी आईला रडताना पाहिले नव्हते; ती तिथेही रडली नाही, पण घरी येऊन ती पोटभर जेवली.

तुमचे सगळेच बेत तडीस गेले असे नाही. युवकांनी चालवलेली संध्याकाळची अभ्यासिका शिकवणारे मिळेनात म्हणून वर्षभरात बंद पडली. ज्येष्ठांचे व्यायाम पहिल्या पावसात वाहून गेले. पालकांवर तुम्ही कधीकधी अकारण करडेपणा केलात असे माझे आजही मत आहे. मुलाला गाडीतून वर्गाच्या दाराशी सोडून तसेच परत फिरणाऱ्या बापाला रस्त्यात थांबवून झापण्याची गरज नव्हती. तो बाप मी होतो, म्हणून हे मत पक्षपाती समजावे.

तुमच्यानंतर ज्यांनी धुरा घेतली आहे त्या दोघीही तुमच्याच विद्यार्थिनी आहेत. त्यांनी पहिल्याच रविवारी एक वही घेऊन चिंचेखाली फेरी मारली. सावलीत आता चौघेच उरले होते. त्यातले दोघे पार्किंगला लागले आहेत.

शेवटी एक निरोप आहे, तो पोहोचवल्याशिवाय मला पत्र संपवता येणार नाही. येत्या फेब्रुवारीतही नाटक होणार असल्याचे आईच्या कानावर आले आहे. आपली भूमिका दुसऱ्या कोणाला दिली नाही ना, हे तिने विचारायला सांगितले आहे. समुद्राच्या काठावर पहाटे थंडी असणार, तेव्हा गोन्सालोच्या खांद्यावर आईने काहीतरी टाकायला हवे होते, ते मागच्या वेळी राहून गेले, असे ती म्हणते. तुमच्या त्या ढिगातली एक शाल तिच्यासाठी बाजूला काढून ठेवाल का?

आपला कृतज्ञ,
चिंचेखालचा एक जुना सभासद