चार गोणी रेती आणि एक कोनमापक

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

माझ्या जुन्या जीपची सात महिने न सापडलेली थरथर आपण एका दिवसात शोधून दिलीत. त्याचे आभार समक्षच मानायला हवे होते; पण गाडी सुरळीत धावल्याच्या आनंदात मी पैसे देऊन निघालो आणि म्हणायचे ते राहून गेले. पत्र उघड लिहीत आहे, कारण लांब शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगा चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) लावून गाडी उंच करून घेतलेले माझ्यासारखे ठाण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही जण अजूनही चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवीत असतील.

मुळात तक्रार सांगणेच अवघड होते. ताशी 65 ते 75 किलोमीटरच्या दरम्यान, ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तेव्हाच, सीटखालून बारीक पण हाडांत शिरणारी थरथर येई आणि पाय उचलताच नाहीशी होई. घोडबंदर रस्त्यावर दिवसाउजेडी गाडी 65 गाठतेच कुठे, त्यामुळे गॅरेजवाल्यासमोर ती शहाण्यासारखी वागे. दोनदा बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाली, मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलून झाले. 31 इंची टायरांवर संशय घेणे सोपे होते आणि खरे सांगायचे तर माझाही तोच होता.

वागळे इस्टेटमधल्या आपल्या गॅरेजात आलो तेव्हा पान्याला हात लावण्याआधी आपण अर्धा तास नुसते प्रश्न विचारलेत. स्टिअरिंग हलते का? नाही. उभ्या गाडीत इंजिन तेवढ्याच आरपीएमवर ठेवले तर? काहीच नाही. मग आपण विचारलेत, मागे माणसे बसलेली असताना कधी जाणवली का? हे मला तोवर कोणीच विचारले नव्हते. आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले की पावसाळ्यात चौघे जण सामानासह मुरबाडकडे गेलो होतो, त्या फेरीत ती एकदाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आपण मागे रेतीच्या चार गोण्या टाकून गायमुखपर्यंत गाडी पळवलीत. थरथर जवळजवळ गेली. गोण्या उतरवल्या, ती परत आली. नंतर मागचा जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, काढून, फोर-व्हील टाकून, केवळ पुढच्या चाकांच्या ओढीवर तीच फेरी मारलीत आणि गाडी अगदी शांत चालली. टायर, इंजिन, गिअरबॉक्स सगळे जागेवर होते, नव्हता तो फक्त मागचा शाफ्ट. म्हणजे चोर कोण, हे मलाही कळले.

त्यानंतर आपण जे समजावलेत ते मला जसे उमगले तसे लिहितो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे, असतात. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एका क्रॉसने केलेली चूक दुसरा भरून काढतो. माझ्या टायरांच्या मापाने 70 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण आठ फेरे घेते, डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या दातेरी पेटीच्या) साडेचार पट प्रमाणाने शाफ्ट छत्तीस, म्हणजे न जुळणाऱ्या कोनांचे धक्के सेकंदाला बहात्तर! चाकाचा दोष असता तर तो आठाच्या चालीने, स्टिअरिंगमध्ये नाहीतर सीटमध्ये सावकाश हेलकावत जाणवला असता. हा हिशेब आपण कोणत्याही यंत्राशिवाय, गाडीच्या फरशीवर तळवा टेकवून केलात.

कोन मोजण्यासाठी आपण नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतलात आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा केलात. गिअरबॉक्सकडच्या क्रॉसला सहा अंश भरले, मागच्याला साडेतीन. माझ्या हौसेने बसवलेल्या शॅकल मूळच्यापेक्षा दोन इंच लांब होत्या. त्यांनी गाडी उचलली एकच इंच, पण पाट्यांचे मागचे टोक खाली ढकलून डिफरन्शियलचे तोंड वर फिरवले. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटून ते तोंड आणखी वर जाई आणि कोनांतली तफावत वाढे. पाय उचलला की पाटे सरळ होत. वजन पडले की शाफ्टचा उतारच कमी होई. थरथर मधूनच का येते, या माझ्या सात महिन्यांच्या कोड्याचे उत्तर एवढेच होते.

मला वाटले होते, आता कोन सुधारायला पाचरी, खास बनवलेला शाफ्ट, मोठा खर्च. आपण माझ्याच माळ्यावर पडलेल्या जुन्या शॅकल मागवून घेतल्यात, फिरवताना अडखळणारा एक क्रॉस बदललात आणि पुन्हा ओळंबा धरलात: पुढे चार, मागे साडेचार. एक इंच उंची गेली याचे मला घटकाभर वाईट वाटले, हे कबूल करतो. मुंब्रा बायपासच्या चढाला 70 वर पाय दाबून धरला आणि डॅशबोर्डवरचे नाणे जागचे हलले नाही, तेव्हा ते वाईट वाटणेही संपले.

500 किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायला या, असे आपण बजावले होते. काल 480 झाले. रविवारी सकाळी येतो. घाईत माझ्या टूलबॉक्समध्ये आलेला तो कोनमापकही सोबत आणतो, नातीची क्षमा मागायची आहे.

आपला कृतज्ञ,
माजिवड्याचा जीपवाला