पासाऊ ते लिंझ : नाव न विचारलेल्यांचे आभार

डॅन्यूबकाठच्या सायकलमार्गावर, म्हणजे युरोवेलो ६ वर, जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या लिंझकडे आमची टँडम (दोघांनी मिळून चालवायची सायकल) चालू लागली ती तुमच्यामुळे.

पासाऊच्या दुकानातले मेकॅनिककाका, सर्वात आधी तुम्ही. विमानातून आलेल्या खोक्यात मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर सायकलला जोडणारा तुकडा, वाकलेला निघाला. जेवणाची सुट्टी सोडून तुम्ही तो सरळ केलात, शिवाय पुढच्या आणि मागच्या स्वाराची पेडल एकमेकांना जोडणारी डावीकडची सैल साखळीही न सांगता ताणून दिलीत. ती ढिली राहिली तर पुढच्याचा जोर मागच्याला झटक्याने जाणवतो. नवरा-बायकोत भांडणाला एवढं कारण पुरतं! पैसे मात्र तुम्ही हँगरचेच घेतलेत.

डॅन्यूब, इन आणि इल्झचा संगम बघताना आमचा फोटो काढणाऱ्या आजी, तुम्ही पाण्याचे तीन रंग बोटाने दाखवले नसते तर आम्ही पुलाचेच फोटो काढत बसलो असतो.

श्लोगनला नदी ग्रॅनाइटच्या डोंगराला वळसा घालत जवळजवळ उलटी फिरते. तिथे उत्तर काठाने पुढे जायला होडीच घ्यावी लागते. आमची लांबलचक सायकल पाहून नावाडीदादा हसले आणि इतरांना सरकवून तिला तिरकी जागा करून दिली. सामानाच्या पिशव्या उचलणाऱ्या डच जोडप्याचेही आभार. तुम्ही दोघं वेगवेगळ्या सायकलींवर होतात, हे शहाणपणाचंच.

मेकॅनिककाका, लिंझपर्यंत गिअर एकदाही अडकला नाही. पुढे व्हिएन्ना.