पोळी कुठे फाटली?

4 मे 2025, रविवार

चि. भैया,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलास आणि मी नुसती 'हं, हं' करत राहिले, म्हणून हे पत्र. फोनवर मला सुचत नाही. बावीस वर्षं खडू धरलाय, हातात काही लिहायला असलं तरच डोकं चालतं. शाळेला सुट्टी लागलीय, बाहेर ऊन मी म्हणतंय, पप्पा पंख्याखाली झोपलेत. निवांत आहे.

एम-थ्री, तुझा इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, राहिला याचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. निकाल फेब्रुवारीत लागला आणि तू आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, 'सगळं क्लिअर आहे' म्हणत होतास. सबमिशनचं कारण काढून सणालाही आला नाहीस. वर शेवटी म्हणालास, "आई, मी हुशार नव्हतोच कधी. तुम्हा सगळ्यांना उगाच तसं वाटत होतं."

दोन रात्री हे वाक्य डोक्यातून जात नाही. तो शब्द तुला मीच चिकटवला होता ना. तू चौथीत स्कॉलरशिपला आलास तेव्हा अर्ध्या गावात पेढे वाटत फिरले होते मी. "आमचा भैया उपजतच हुशार, त्याला अभ्यास करावाच लागत नाही." हे मी तुझ्यासमोर म्हणायचे, पाहुण्यांसमोर म्हणायचे, आणि मास्तरीण असून म्हणायचे. पुढे आठवीत एका सहावीतल्या मुलीनं तुला बुद्धिबळात हरवलं. त्या दिवसापासून तू पट माळ्यावर टाकलास आणि म्हणालास, "मला आवडतच नाही हा खेळ." आदल्या आठवड्यापर्यंत जेवताना पट शेजारी लागायचा तुला. तेव्हा मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, पोराची आवड बदलली.

मागे एकदा आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका साधनव्यक्तींनी एक प्रयोग सांगितला होता. एरवी त्या बैठकीत आमचं निम्मं लक्ष चहाकडे असतं, पण हे लक्षात राहिलं. कॅरॉल ड्वेक नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी 1998 साली हे काम छापलं. पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काही मुलांना म्हणाल्या, "तू हुशार दिसतोस." काहींना म्हणाल्या, "तू मेहनत घेतलेली दिसतेस." फरक एवढ्या एका वाक्याचा. मग अवघड कोडी दिली, ती कुणालाच धड सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पहिल्यापेक्षा पुढे गेली. 'हुशार' म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षाही खाली आली, आधी जमलेलंही त्यांना जमेना. पुढचं जास्त लागलं मला. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले गुण कळवायला सांगितले, तर 'हुशार' म्हटलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. कोण कुठली मुलं, कधी भेटणारही नाहीत, तरी खोटं लिहिलं.

तेव्हा मी वहीत टिपून घेतलं आणि माझ्या वर्गातल्या पोरांचा विचार केला. घरातल्या पोराचा केला नाही. परवा तुझा फोन ठेवल्यावर ती वही शोधून काढली.

आता तुला वाटेल, आई 'प्रयत्न करत राहा' हे सांगायला बसलीय. ते मी सांगत नाही. आमच्याकडे एका शाळेत भिंतभर रंगवलंय, 'मी करू शकतो!' त्या भिंतीखाली बसलेल्या पोराला हातचा घ्यायचं कळत नाही ते नाहीच. ड्वेक बाईंनीही पुढे बजावलंय की नुसत्या कष्टाची तारीफ करून भागत नाही, रीत बदलावी लागते, मदत मागावी लागते. अमेरिकेत नववीच्या सुमारे 12,000 मुलांवर मोठी तपासणी झाली, ती 2019 मध्ये छापून आली. बुद्धी वाढवता येते हे सांगणारा, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला होता. मागे पडलेल्या मुलांच्या ग्रेडची सरासरी 4 च्या पट्टीवर 0.1 एवढीच वाढली. तासाभराच्या मानानं वाईट नाही, पण जादू म्हणावी असंही काही नाही. म्हणून मंत्रबिंत्र राहू दे. मला तुला खापराच्या पोळीचं सांगायचंय.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली. आमच्याकडे गॅस होता आणि तव्यावरची पोळी होती. लग्न होऊन इथे आले आणि 2003 च्या आखाजीला तुझ्या आजीनं मला खापरासमोर बसवलं. चुलीवर उलटं घातलेलं मातीचं खापर, लालबुंद जाळ, आणि हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत मोठी करायची ती पोळी. माझी पहिलीच पोळी हवेत फाटली. पुरण खापरावर पडून जळलं आणि घरभर धूर झाला. दुसरीही गेली. तिसरीच्या वेळी आजीनं गोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तुले जमाव नही." बोलली तशी ती वाईट नव्हती रे. घाई होती, घागर भरायची होती, पितरांचं पान वाढायचं होतं. पण मी ते धरून बसले. अकरा वर्षं प्रत्येक आखाजीला, श्रावणातल्या प्रत्येक कानबाईच्या सणाला मी रशी केली, कुरडया तळल्या, आमरस काढला, आणि खापराकडे फिरकले नाही. कुणी म्हटलं, "मास्तरीणबाई, पोळी करा ना," तर म्हणायचे, "माझा हातच नाही त्याला." आणि हे म्हणताना मला जरा सुटल्यासारखंही वाटायचं, हेही तुला सांगून टाकते. एकदा हात नाही म्हटलं की कुणी करून बघ म्हणत नाही.

2014 च्या आखाजीला आजीचं मनगट मोडलं होतं, आठवतं? तू चौथीत जाणार होतास. शेजारच्या मोठ्या मायला बोलावलं. ती आली, पाट घेऊन चुलीपाशी टेकली आणि मला म्हणाली, "तू कर, मी देखस." मी म्हटलं, मला येत नाही. ती नुसती बसून राहिली. केली मी, फाटली. मला वाटलं, आता हसेल. तिनं विचारलं, "कोठे फाटनी?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही पाहिलं नव्हतं. पोळी फाटली की माझ्या लेखी तिथेच संपायचं. मोठ्या मायनं तो फाटका तुकडा उचलून उजेडात धरला. मधोमध भोक होतं. म्हणाली, मधे फाटली तर बोटं टोचताहेत, बोटं आत घे, हाताच्या पालथ्या बाजूवर झेल, आणि बांगड्या काढून ठेव आधी. पुढची कडेला फाटली. म्हणाली, कडेला फाटली म्हणजे पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून अजून तिंब. परातीत आपटून आपटून माझे खांदे भरून आले. त्याच्या पुढची कुठेही, वाटेल तशी फाटली. तिनं पुरण चिमटीत चोळून दाखवलं. डाळीची कणी राहिली होती, परत वाटायला लावलं. त्या दिवशी चौदा केल्या, त्यातल्या नऊ फाटल्या. तू ओट्यावर बसून फाटलेल्या सगळ्या आमरसात बुडवून खाल्ल्यास आणि "आई, उद्या पण फाड" म्हणालास. आजीनं धड पोळीतली एक खाल्ली, काही बोलली नाही. मग दुसरी मागितली.

नीट, बघणाऱ्यानं नाव काढावं अशी पोळी यायला पुढे चार आखाज्या लागल्या. दर वर्षी एकच दिवस सराव, मग काय होणार!

आता एम-थ्रीकडे ये. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या अर्जाची मुदत गेली असणार, ती तुझ्या लपवाछपवीत गेली, त्याला इलाज नाही. पण प्रश्नपत्रिका तर आहे? तोच पेपर घड्याळ लावून परत सोडव आणि जिथे पेन थांबेल तिथे खूण कर. पास-नापास काही बघू नकोस, पेन कुठे थांबलं तेवढं बघ. मला तुझं ते लाप्लास काही कळत नाही. माझ्या वर्गातला अनुभव मात्र असा, की भागाकारात अडलेलं पोर बहुतेक वेळा वजाबाकीत कच्चं असतं आणि आम्ही त्याच्याकडून भागाकाराचीच गणितं घोटून घेत बसतो. तुमच्या बॅचची 2021 ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अकरावी बरीचशी मोबाइलवर गेली. तुझी पोळी एम-थ्रीत फाटली की त्याच्या आधीच्या इंटिग्रेशनमध्ये कणी राहिलीय, हे तुझं तूच बघ. आणि एकट्यानं बघू नकोस. ज्याला 80 पडलेत अशा एखाद्या मित्रासमोर बसून सोडव आणि त्याला नुसतं बघायला सांग. लाज वाटेल. मलाही मोठ्या मायसमोर वाटली होती, मी तर तिच्या नातवाला शिकवणारी शाळेतली बाई होते!

अजून एक. तुझ्या वर्गातली मुलं ज्या विप्रोत लागायचं म्हणून धडपडतात, ती 1945 साली आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं सुरू झाली, हे तुला माहीत आहे. आबांनी तेव्हा शेअर न घेता म्हैस घेतली, हेही तू हजारदा ऐकलंयस. (म्हैस चांगली निघाली, एवढंच ते सांगतात.) पण हे माहीत आहे का, वडील वारल्यावर 1966 साली अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून परत आले आणि ती राहिलेली डिग्री त्यांनी तीसहून जास्त वर्षांनी पुरी केली? एवढं सगळं कमावल्यावर कागदासाठी त्यांना कोण विचारणार होतं! तुझा एक विषय सहा महिने राहिलाय.

मी माझी जीभ बदलायला घेतलीय, पण सोपं नाही. सुट्टी लागायच्या आधी तिसरीतल्या एका मुलीनं 100 मधून 37 झटक्यात वजा केले. तोंडातून "शाब्बास, हुशार गं!" निघूनच गेलं. मग आठवलं आणि विचारलं, "कसं केलंस?" म्हणाली, "37 ला 3 दिले, 40 झाले, मग 60 दिले." तिच्या वडिलांची भाजीची गाडी आहे, ती सुट्टे पैसे परत देते तसंच तिनं केलं. हातचा न घेता. मी विचारलं नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं. नंतर तिनं ते फळ्यावर येऊन सगळ्यांना करून दाखवलं.

पप्पांना मी सांगितलंय. ते रागावले नाहीत, परत परीक्षेची फी किती लागते एवढंच विचारलं. त्यांना आज रात्री तूच फोन कर, माझ्याकडून निरोप नको.

उद्याच्या ट्रॅव्हल्सनं डबा पाठवतेय. बिबडे, लाल शेव आणि कळण्याचं पीठ आहे. भाकरी तुला येत नाही हे ठाऊक आहे, तरी पीठ पाठवतेय. पाणी गरम घे. पहिली फाटली की मला व्हिडिओ कॉल लाव आणि कॅमेरा फाटलं तिथे धर. आणि डब्याचं झाकण हरवू नकोस, मागच्या वेळचं अजून आलेलं नाही.

तुझी,
आई