गायतोंडेंचं एक मूळ चित्र खानदेशात आणा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घेतो. एकदा वर्गात मोबाइलवर चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक पिवळं चित्र दाखवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यामा काय शे?" मी तोंड उघडायच्या आत सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आमना घरनी भीत पाऊसम्हा अशीच दिखस."

तिच्या घराच्या मातीच्या भिंतीवर दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो. ओल धरली की जुने थर वर दिसायला लागतात. गायतोंडे रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचे, खरवडायचे, फाडलेल्या कागदांनी आकार उमटवायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. सहा इंची पडद्यावरही त्या पोरीला थर दिसले, मंत्रीमहोदय! खरं चित्र समोर असतं तर?

या माणसाचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, वाढला गिरगावच्या चाळीत, शिकला जे.जे.त. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला, १९७१ मध्ये पद्मश्री झाला, पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये राहिला. तिथे एकट्यानं, गाजावाजा न करता काम केलं. आपल्या चित्रांना लावलेला 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला पटत नसे. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हा ते कागदावर शाईनं काम करत राहिले. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो, कारण हात थांबला तरी बघणं थांबत नाही हे त्यांना कळायला हवं. २००१ मध्ये गायतोंडे गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. लिलावात त्यांची चित्रं कोटींत जातात, पण किमतीचं मला काही नाही. न्यूयॉर्कच्या मुलांनी जे पाहिलं ते अमळनेरच्या मुलांनी का पाहू नये, एवढंच विचारायचं आहे.

आम्ही प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वी बावीस मुलं घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. पालकांनी कपाशीच्या पैशातून तिकिटं काढली होती. एका संग्रहालयात गेलो, तर कळलं की गायतोंडे सध्या भिंतीवर नाहीत, आत ठेवलेत. मुलं काही बोलली नाहीत. परतीच्या गाडीत ती मुलगी खिडकीशी बसून होती.

२०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन अमळनेरात आलं. आख्खा खानदेश लोटला होता. त्याच वर्षी गायतोंडेंची जन्मशताब्दी होती, ती आमच्याकडे कोरडीच गेली. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्यभर घरात कोंडून घेऊन कला केली. एकांतातल्या कलावंताची आम्हाला ओळख आहे.

मागणं एकच. केंद्राच्या संग्रहात गायतोंडेंची चित्रं आहेत. राज्यानं रीतसर मागावीत आणि महिनाभर जळगावला लावावीत. एक आलं तरी चालेल. मात्र डिसेंबर-जानेवारीतच आणा; आमचा उन्हाळा कॅनव्हासला मानवणार नाही. विमा, पहारा, दमटपणाचं मोजमाप हे खात्याचे जाणकार बघतील. मुलांना आणायची जबाबदारी माझी.

ती मुलगी आता नववीत आहे. दहावी होऊन ती शाळेतून जायच्या आत हे व्हावं.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव