बुश बिघडतो तो पकडण्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुशल कामगार मिळत नाहीत, अशी तक्रार कारखानदारांकडून वरचेवर ऐकू येते. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, आयुष्य काढलेला टर्नर म्हणून मला ती मान्य नाही. खानापूर, हुक्केरी, चंदगडकडून येणाऱ्या पोरांचा हात चांगला आहे. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर धरायचा कसा, एवढंच त्यांना कुणी नीट दाखवलेलं नसतं.

हायड्रॉलिकचा पातळ बुश, म्हणजे पातळ भिंतीची धातूची नळी, घ्या. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर, अचूकतेचा दर्जा एच-७. म्हणजे मापात सूट फक्त २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोरगा ते माप बरोबर आणतो. मग बाहेरचा व्यास काढायला तोच बुश आतून चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, तीन जबड्यांवर ताणून धरतो. जबडे टेकतात तिथं भिंत फुगते आणि टूल नेमकं तिथलंच जास्त मटेरियल काढतं. चक सैल केला की भिंत मागे येते आणि बुश तीन ठिकाणी चपटा होतो. मायक्रोमीटरला हे समजतच नाही. तीन उंचवट्यांच्या आकारात प्रत्येक उंचवट्यासमोर सपाट बाजू येते, त्यामुळे कुठूनही मोजा, माप सारखंच. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून फिरवला आणि वर डायल (सूक्ष्म चढउतार दाखवणारं काट्याचं मापक) लावली की मग काटा हलतो. माल रिजेक्ट होऊन येतो आणि बोलणी पोराला बसतात. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

यावर उपाय आहे एक्स्पांडिंग मॅन्ड्रेलचा, म्हणजे बोअरमध्ये घालून फुगवायच्या दांड्याचा. टेपर, म्हणजे निमुळत्या, दांड्यावर चिरा पाडलेली स्लीव्ह चढवलेली असते. चिरा आळीपाळीने दोन्ही टोकांकडून घेतलेल्या असतात, म्हणून स्लीव्ह पूर्ण लांबीत सारखी फुगते आणि बोअरला सगळीकडून धरते. असा मॅन्ड्रेल दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये, फिरवला की बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच अक्षावर येतात. साधा सॉलिड मॅन्ड्रेल वाईट नव्हे, पण त्याला फुटाला सहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक टेपर असतो. तो बोअरच्या एका टोकाला घट्ट बसतो आणि प्रत्येक मापाला वेगळा लागतो.

सेट महाग पडतो, असं लहान शॉपवाले म्हणतात. खरंय. पण एका ऑर्डरपुरता मॅन्ड्रेल शॉपमध्येच करता येतो. माइल्ड स्टीलचा तुकडा चकमध्ये धरा. तोंडाला भोक पाडून आटे घाला, भोकाच्या तोंडाला टेपर द्या आणि हॅकसॉने चार चिरा पाडा. बर, म्हणजे चिरांच्या कडेला उरलेली धारदार कड, काढा, चपट्या शंकूच्या डोक्याचा ॲलन स्क्रू हलका टेकवा आणि मगच बुश हाताने सरकेल इतका शेवटचा कट घ्या. चिरा आधी, फिनिश नंतर. हा क्रम उलटवला की मेहनत वाया. स्क्रू थोडा आवळला की बुश बसला. जास्त आवळला तर नुसतं तोंड फुगतं आणि मागे बुश डुगडुगतो. कट हलका ठेवा आणि टूल चककडे चालवा. बुश चढवण्यापूर्वी बोअर पुसायला विसरू नका, किसाचा एक कण अडकला तरी रनआउट, म्हणजे फिरताना हेलकावा, आलाच. आणि सगळा लॉट (ऑर्डरचे सगळे बुश) संपेपर्यंत मॅन्ड्रेल चकमधून काढू नका. जागेवर टर्न केलेला आहे म्हणूनच तो खरा फिरतो; काढून परत लावला तर पुन्हा हात मारावा लागतो.

शेजारच्या लेथवरच्या कानडी पोराला आणि माझ्याकडच्या मराठी पोराला मी हे एकाच वेळी, करूनच दाखवतो. आयटीआयमध्ये मॅन्ड्रेल शिकवतात, पण प्रत्यक्ष मशीनवर पाहिलेली पोरं थोडी भेटतात. म्हणून बेळगावातल्या आणि मच्छेतल्या मोठ्या कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे : झिजलेले मॅन्ड्रेल भंगारात घालू नका, जवळच्या आयटीआयला द्या. आणि अप्रेंटिस पोराला पहिल्या महिन्यात झाडू देण्याऐवजी असा एक मॅन्ड्रेल करायला द्या.

आपला,
एक टर्नर, उद्यमबाग, बेळगाव