मंत्रिमहोदय, धूळ होती की धूर?

मा. पर्यावरण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वणव्यानंतर आपण जाहीर शब्द दिला होता, की पुढच्या वेळी धुराचा इशारा देताना उपग्रहाने मोजलेलं प्रकाशाचं ध्रुवीकरणही, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत जास्त कंप पावतात तेही, विचारात घेऊ. परवा पुन्हा जंगल पेटलं. इशाऱ्यात जुनंच वाक्य आलं: ‘हवेत धूळ अथवा धूर असण्याची शक्यता.’

वारा पडला होता, धूळ असेल तर खाली बसेल, म्हणून मी खिडक्या उघड्या ठेवल्या. धूर होता. माझ्या मुलीला दमा आहे. रात्री दोन वाजता नेब्युलायझरचा मास्क तिच्या तोंडावर धरून बसले होते, तेव्हा दर श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नंतर खिडकीच्या फटीत कोंबलेला ओला टॉवेल सकाळी तपकिरी झाला होता.

साध्या छायाचित्रात धूळ आणि धूर सारखेच भुरकट दिसतात. पण कणांवरून विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचं ध्रुवीकरण वेगवेगळ्या कोनांतून मोजलं, की फरक कळतो. धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक, धुळीचे मोठे आणि वेडेवाकडे. कण प्रकाश किती शोषतात, याचाही अंदाज येतो. उपग्रहाला रात्रीचा आणि ढगांखालचा धूर असा मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दिवसा जे दिसतं, ते तरी आम्हाला सांगा!

‘पॅरासोल’ या फ्रेंच उपग्रहाने हे काम २०१३पर्यंत केलं. ‘नासा’चा ‘ग्लोरी’ उपग्रह २०११मध्ये उड्डाणातच समुद्रात पडला. ‘नासा’चाच ‘पेस’ उपग्रह ८ फेब्रुवारी २०२४ला वर गेला. त्यावरचं ‘हार्प-२’ हे ध्रुवीकरण मोजणारं यंत्र लाल प्रकाशात एकच जागा साठ कोनांतून बघतं. त्याची माहिती जगात कुणालाही फुकट मिळते. आणि हाच ‘पेस’ अमेरिकी सरकारने अर्थसंकल्पात एकदा नाही, चार वेळा रद्द करायला काढला होता. सगळीकडे हेच. आग विझली की निधी आटतो, समित्या बसतात, अहवाल कपाटात जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात आमची मुलं पुन्हा धाप लागून उठून बसतात. शास्त्रज्ञांनी यंत्र पाचशे किलोमीटरहून उंच नेऊन ठेवलं. तिथली माहिती आपल्या खात्याच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही, याचा मला संताप येतो.

आपण शब्द दिलेला, धूळ की धूर ते सांगणारा इशारा कधी सुरू होणार, त्याची तारीख कळवा. ‘लवकरच’ हे उत्तर मला गेल्या वर्षीच मिळालं आहे.

आपली,
एक आई